खाडी जिंकणारा कॅप्टन वेब

जनरल नॉलेजच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. इंग्लिश खाडी पोहून जाणारा पहिला भारतीय कोण? उत्तर सगळ्यांना पाठ आहे : मिहिर सेन, १९५८. पहिली भारतीय महिला? आरती साहा, १९५९. पण मुळात ही खाडी पोहून पार करता येते हे जगात पहिल्यांदा कोणी दाखवलं, असं विचारलं की मेसच्या टेबलावर एकदम शांतता! त्या माणसाचं नाव कॅप्टन मॅथ्यू वेब. (इंटरनेटवाला वेब नव्हे, हा त्याच्या शंभरएक वर्षं आधीचा.) रात्रीच्या अंधारात, भर समुद्रात, जेलीफिशचा डंख बसल्यावरही हा माणूस पोहत राहिला आणि फ्रान्सला पोचला. आणि आठ वर्षांनी एका नदीत, किनाऱ्यावरून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, काही मिनिटांत संपला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला खरा इंटरेस्टिंग भाग या दोन पाण्यांमधला फरक आहे.

मॅथ्यू वेबचा जन्म १९ जानेवारी १८४८ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या डॉली गावचा. वडील डॉक्टर आणि घरात डझनभर मुलं. हा भाग म्हणजे औद्योगिक क्रांतीचं माहेरघर. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना आयर्न ब्रिज माहीत असेलच, १७७९ साली बांधून झालेला जगातला पहिला मोठा ओतीव लोखंडाचा पूल. तो ज्या सेव्हर्न नदीवर उभा आहे, त्याच नदीत छोटा मॅथ्यू पोहायला शिकला. कोच नाही, स्विमिंग पूल नाही. आपल्याकडे गावातली पोरं विहिरीत शिकतात तसाच. पुढे १८६३ मध्ये त्याच नदीत त्याचा धाकटा भाऊ बुडत होता, त्याला मॅथ्यूनेच बाहेर काढलं. तेव्हा तो स्वतः पंधरा वर्षांचा होता.

बाराव्या वर्षीच तो लिव्हरपूलजवळच्या कॉनवे नावाच्या ट्रेनिंग जहाजावर दाखल झाला होता. आपल्या वयाची मुलं एन्ट्रन्स आणि कॅप राउंडच्या टेन्शनमध्ये असतात त्या वयात हा भारत आणि चीनकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर काम करत होता. म्हणजे समुद्राची त्याची ओळख पिकनिकवाली नव्हती, नोकरीतली होती. भरती-ओहोटी कधी, वारा कुठला, प्रवाह कुठे ओढतो, हे त्याला कळत होतं. पुढच्या गोष्टीत हेच ज्ञान महत्त्वाचं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

१८७३ मध्ये तो क्युनार्ड कंपनीच्या 'रशिया' या आगबोटीवर होता. न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला येताना भर अटलांटिकमध्ये एक खलाशी समुद्रात पडला. वेबने मागचा-पुढचा विचार न करता उडी मारली. खलाशी सापडला नाही. हाती लागली फक्त त्याची टोपी. जहाज तोवर बरंच पुढे गेलेलं होतं, आणि होडी येऊन वेबला उचलेपर्यंत अर्धा तास त्या थंडगार पाण्यात तो एकटा तरंगत होता. या धाडसाबद्दल रॉयल ह्युमेन सोसायटीने त्याला स्टॅनहोप सुवर्णपदक दिलं. हे पदक मिळवणारा तो पहिलाच. पेपरात नाव आलं, लोक ओळखू लागले.

त्याच सुमारास त्याच्या वाचनात एक बातमी आली. १८७२ मध्ये जॉन्सन नावाच्या एका पोहणाऱ्याने इंग्लिश खाडी पार करायचा प्रयत्न केला होता आणि तासाभरातच सोडून दिला होता. वेबच्या डोक्यात किडा वळवळला. १८७५ मध्ये त्याने जहाजावरची कॅप्टनची नोकरी चक्क सोडली आणि सरावाला लागला. आधी लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या तलावात, मग थेम्स नदीत आणि मग डोव्हरच्या समुद्रात. त्याच वर्षी मे महिन्यात पॉल बॉयटन नावाच्या एका अमेरिकन माणसाने खाडी पार केली होती खरी, पण हवा भरलेला रबरी सूट घालून, पाठीवर तरंगत. ते पोहणं नव्हे, ती एक प्रकारची बोटच झाली!

आता जरा खाडीबद्दल. डोव्हर ते फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत साधारण ३४ किलोमीटर आहे. ऐकायला फार वाटत नाही. पण तिथला प्रवाह दर सहा तासांनी दिशा बदलतो. भरतीचं पाणी ईशान्येकडे ओढतं, ओहोटीचं नैऋत्येकडे. पोहणारा समोर जात असतो आणि पाणी त्याला आडवं नेत असतं. अकरावीच्या फिजिक्समधला नदी आणि नावेचा प्रॉब्लेम आठवा, फक्त इथे नदीच मधूनमधून उलटी वाहायला लागते. त्यामुळे मार्ग सरळ न होता नागमोडी होतो. वेबने शेवटी जे अंतर कापलं ते साठ किलोमीटरच्या पुढे भरलं, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

पहिला प्रयत्न १२ ऑगस्ट १८७५ चा. पोहायला सुरुवात झाली आणि हवा बिघडली. वारा वाढला, लाटा उसळू लागल्या. काही तास झुंजून वेब होडीत चढला आणि परत आला. मला त्याच्या आयुष्यातला हा दिवस फार आवडतो. चरित्रांच्या पुस्तकांत याला दोन ओळी मिळतात, कारण त्यात काही घडलं नाही. पण नोकरी सोडून आलेला माणूस, सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे आहे हे माहीत असताना, आज जमणार नाही असं म्हणून बाहेर पडतो, याला काय कमी हिंमत लागते?

बारा दिवसांनी, २४ ऑगस्टला, दुपारी एक वाजायच्या थोडं आधी त्याने डोव्हरच्या ॲडमिरल्टी पिअरवरून पुन्हा उडी मारली. थंडी लागू नये आणि अंग घासू नये म्हणून सर्वांगाला पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्याचं तेल फासलेलं. सोबत एक शिडाची बोट आणि दोन छोट्या होड्या. बोटीवर तिथल्या पाण्याची खडानखडा माहिती असलेला वाटाड्या, पत्रकार आणि दोस्तमंडळी. वेब ब्रेस्टस्ट्रोक पोहत होता, एका संथ लयीत. अधूनमधून होडीतून त्याला गरम कॉफी, मांसाचं सूप, कॉडलिव्हर तेल आणि ब्रँडी मिळायची. होडीला हात लावायचा नाही, हे ठरलेलं. आजही खाडी पोहण्याचा हा मुख्य नियम आहे : सोबत बोट हवीच, पण तिचा आधार घ्यायचा नाही.

रात्र झाली. समुद्र शांत होता. आणि अशा वेळी त्याच्या खांद्याला जेलीफिशने डंख मारला.

इथे थोडं थांबू, कारण हे डंख प्रकरण आपल्या लाइनमधलं आहे. जेलीफिशला दात नाहीत, नांगी नाही, मेंदूसुद्धा नाही. तिच्या लांब दोऱ्यांवर हजारो सूक्ष्म डंखपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी आणि कुपीत वेटोळं करून ठेवलेली काटेरी पोकळ नळी. आतला दाब सुमारे १५० बार! कारच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार भरतो, त्यावरून अंदाज करा. स्पर्श झाला की झाकण उघडतं आणि नळी उलगडून कातडीत घुसते, मागोमाग विष. जेलीफिशच्या नात्यातल्या हायड्रा या प्राण्यावर जर्मन शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हाय-स्पीड कॅमेरा लावून ही क्रिया मोजली. सगळ्यात वेगवान टप्पा ७०० नॅनोसेकंदांत पूर्ण होतो आणि काट्याचं त्वरण ५० लाख 'जी'च्या वर जातं. आपल्या लॅबमधलं कुठलंही हायड्रॉलिक मॉडेल यापुढे लाजून मान खाली घालेल.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे या कुप्या जेलीफिशच्या इच्छेवर अवलंबून नसतात. जेलीफिश मेलेली असो, दोरा तुटून अंगाला चिकटलेला असो, न फुटलेल्या कुप्या तशाच लोड केलेल्या असतात. म्हणून वाळू चोळली, टॉवेलने पुसलं, साधं गोडं पाणी ओतलं, की उरलेल्याही फुटतात. दारू ओतणं किंवा लघवी करणं (हो, सिनेमा-सीरियलमुळे हा समज जगभर पसरलाय!) यानेही उलटाच परिणाम होऊ शकतो. मग करायचं काय? शांतपणे पाण्याबाहेर यायचं. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. चिकटलेले दोरे चिमट्याने अलगद काढायचे. मग सोसेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं किंवा जास्त वेळ ठेवायचा. बहुतेकांना यानेच आराम पडतो. व्हिनेगरबद्दल सांगायचं तर जात बदलली की उपाय बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या विषारी बॉक्स जेलीफिशवर ते हमखास वापरतात, पण ब्लूबॉटलसाठी तिथलाच सल्ला व्हिनेगर टाळा असा आहे. श्वास लागला, छातीत दुखलं, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर मात्र घरगुती उपाय बंद आणि सरळ हॉस्पिटल. आपल्याकडे १०८ नंबर फिरवायचा.

ब्लूबॉटलचं नाव निघालंच आहे तर सांगतो. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू वगैरे किनाऱ्यांवर आणि गोव्यात निळ्या फुग्यासारखं काहीतरी वाळूवर पडलेलं दिसतं, ते हेच. शास्त्राप्रमाणे ती खरी जेलीफिश नाही, अनेक जीवांची मिळून बनलेली वसाहत आहे, पण डंख अगदी खरा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत बऱ्याच लोकांना त्याचा प्रसाद मिळाला होता. फोटो काढा, हात लावू नका.

वेबला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने होडीतून ब्रँडीचा घोट घेतला आणि पुढे पोहू लागला. आजचे डॉक्टर ब्रँडीला नक्कीच नाही म्हणतील, कारण दारूने आतून ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता उलट लवकर बाहेर जाते. असो. नशीब एवढंच की तिथल्या जेलीफिश सहसा जीव घेत नाहीत. आग होते, वळ उठतात. खरा धोका असतो तो दचकण्याचा. माणूस घाबरतो, श्वास चुकतो, पाणी नाकातोंडात जातं. होडी हाताच्या अंतरावर आहे हे माहीत असलेला माणूस कमी घाबरतो. वेबची लय बिघडली नाही याचं श्रेय मी त्याच्या खांद्यांइतकंच त्या होडीतल्या कंदिलाला देईन.

डंखाहून वाईट गोष्ट पहाटे पुढे आली. फ्रान्सचं ग्री-ने नावाचं भूशिर समोर दिसत होतं आणि प्रवाह त्याला जवळ जाऊ देत नव्हता. पाच तास! किनारा डोळ्यांसमोर, हात चालूच आणि अंतर कमी होत नाही. अशा वेळी नवखा माणूस जीव तोडून सरळ किनाऱ्याकडे झेपावतो आणि दमून बुडतो. वेबने तसं केलं नाही. प्रवाहाशी भांडण न करता तो त्याच्याबरोबर किनाऱ्याला समांतर सरकत राहिला आणि पाण्याची दिशा बदलायची वाट पाहिली. आपल्या कोकणच्या समुद्रात परतीचा प्रवाह म्हणजे रिप करंट लागला तर जीवरक्षक हेच सांगतात : विरुद्ध पोहू नका, तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर जाऊन ओढ संपली की मग आत या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून जास्त विद्यार्थी बुडाले. आपल्याच वयाची मुलं होती. कुठल्याही जेलीफिशने कोकणात एका दिवसात एवढे जीव घेतलेले नाहीत. ओहोटीच्या पाण्याला ना रंग असतो ना काटे, म्हणून त्याची भीती वाटत नाही.

२५ ऑगस्ट १८७५, सकाळी १० वाजून ४१ मिनिटांनी मॅथ्यू वेबचे पाय कॅलेच्या वाळूला लागले. २१ तास ४५ मिनिटं! कुठल्याही कृत्रिम साधनाशिवाय खाडी पार करणारा तो पहिला माणूस ठरला.

पुढचं थोडक्यात. इंग्लंड वेडं झालं. मिरवणुका निघाल्या, वर्गणी जमली, त्याचं चित्र काडेपेटीवर छापलं गेलं. पण वर्गणी किती दिवस पुरणार? आपल्याकडे ऑलिम्पिक संपलं की खेळाडूंना विसरतात तसंच तेव्हाही होतं. वेबला पोहण्याशिवाय दुसरं काही विकता येत नव्हतं. मग तो तमाशासाठी पोहू लागला. काचेच्या टाकीत साठ तास तरंगून दाखव, सहा दिवस रोज चौदा तास पोहून दाखव, अमेरिकेत जाऊन शर्यती लाव. १८८० मध्ये त्याचं मॅडलिन चॅडॉकशी लग्न झालं, दोन मुलं झाली. खर्च वाढला आणि तब्येत उतरणीला लागली. सतत थंड पाण्यात राहून शरीराचा पार चोथा झाला होता. पूर्वीचा वेब आता राहिला नव्हता आणि हे त्याच्या जवळच्यांना दिसत होतं.

आणि मग नायगारा.

इथे एक गैरसमज दूर करतो. वेब धबधब्यावरून उडी मारायला गेला नव्हता. धबधब्याच्या खाली काही अंतरावर नदी एका अरुंद घळीत शिरते. तिथे व्हर्लपूल रॅपिड्स नावाचे खळाळ आहेत आणि त्यांच्या टोकाला प्रचंड भोवरा. हा टप्पा पोहून जायचा त्याचा बेत होता. खास गाड्यांनी प्रेक्षक येतील, त्यातून चांगले पैसे सुटतील, बायकामुलांची सोय होईल, असा हिशोब.

हे पाणी कसं आहे बघा. चार महासरोवरांचं पाणी त्या चिंचोळ्या घळीतून जातं. कंटिन्युइटी इक्वेशन आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय : क्षेत्रफळ घटलं की वेग वाढतो. तिथे वेग सेकंदाला नऊ मीटरपर्यंत जातो, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. जगातला सगळ्यात वेगवान पोहणारासुद्धा त्याच्या जवळपास जात नाही. त्यात पाण्यात हवेचे इतके बुडबुडे, की पाण्याची घनता कमी होऊन माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. १८६१ मध्ये 'मेड ऑफ द मिस्ट' ही छोटी आगबोट याच खळाळांतून कशीबशी पार झाली होती, आणि तिचं धुराडं त्यात उडालं होतं. आणि ती बोट होती, इंजिनवाली.

खाडीच्या वेळी वेबकडे जे जे होतं ते इथे काहीच नव्हतं. सोबतीला होडी नाही, कारण कुठलीच होडी तिथे टिकली नसती. वाटाड्या नाही. हवा बिघडली तर परत फिरायची सोय नाही. पाणी एकदा ओढायला लागलं की बारा ऑगस्टसारखा निर्णय घेताच येत नाही. जेलीफिशचा डंख बसला तेव्हा तो कुठल्याही क्षणी पोहणं थांबवू शकत होता, आणि म्हणूनच तो न थांबता पुढे जाऊ शकला, असं मला वाटतं. नायगारात थांबणं नावाची गोष्टच नव्हती. हे त्याला कळत नसेल? पंधरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस तो! मला वाटतं त्याला चांगलंच कळत होतं. पण हिशोबाची वही एका बाजूला आणि नदी दुसऱ्या बाजूला असताना त्याने नदीशी पंगा घेतला.

२४ जुलै १८८३. दुपारचे चार वाजून गेलेले. एका नावाड्याने त्याला होडीतून नदीच्या मध्यावर नेलं. त्यानेही त्याला समजावून पाहिलं. वेबने उडी मारली. पुलावरून आणि काठांवरून लोक बघत होते. पहिल्या खळाळात तो दिसला, बुडाला, पुन्हा वर आला, हात मारताना दिसला. भोवऱ्याच्या तोंडाशी तो पाण्याखाली गेला तो गेलाच. या सगळ्याला फार तर दहा-बारा मिनिटं लागली असतील. चार दिवसांनी खाली लुईस्टनच्या बाजूला त्याचा देह मिळाला. वय पस्तीस.

त्याला नायगारा फॉल्स गावातल्या ओकवुड स्मशानभूमीत पुरलं. इंग्लिश खाडी पुन्हा पोहून पार व्हायला १९११ साल उजाडावं लागलं. टॉमस विल्यम बर्जेस नावाच्या इंग्रजाने ती पार केली, अनेक अपयशी प्रयत्नांनंतर. म्हणजे वेबचा पराक्रम छत्तीस वर्षं एकटाच उभा होता. आपल्या पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये जगातल्या सात सामुद्रधुन्या पोहून पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. त्या सातांत इंग्लिश खाडीही आहे, आणि तिथे आजही प्रत्येक पोहणाऱ्यासोबत बोट जाते, बोटीवर निरीक्षक असतो आणि पोहणाऱ्याला पाण्याबाहेर काढायचा शेवटचा शब्द बोटीचा असतो.

डॉली गावात १९०९ साली वेबचं स्मारक उभं राहिलं. त्याचं अनावरण त्याच्याच एका भावाने केलं.